पतसंस्थेची पावती

आमच्या देवपुरात बायकांची शिल्लक पतसंस्थेत जायची. व्याज बँकेपेक्षा चढं, माणसं ओळखीची. 2015 च्या सुमारास जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेत हजारोंच्या ठेवी अडकल्या, तेव्हा डोळे उघडले.

1960 मध्ये केरळची पलाई सेंट्रल आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. म्हणून 1962 पासून बँकेतल्या ठेवीला विमा आला. आधी 1500 रुपयांपर्यंत, 2020 पासून 5 लाखांपर्यंत. सहकारी बँकेलाही तो आहे, पतसंस्थेला नाही. नावं सारखीच वाटतात, पाटी नीट वाचा.

सासूबाईंनी वर्षीतपाच्या पारण्यासाठी ठेवलेली पतसंस्थेतली पावती मी मुदतीआधीच मोडायला लावली. व्याज बुडालं म्हणून दोन दिवस बोलल्या नाहीत.