शिंगांचा रंग, पत्र्याचा डबा आणि झाकणाची खाच

१/
श्रावण अमावास्येला, म्हणजेच पोळ्याच्या दिवशी, बुलढाणा जिल्ह्यातील बीबीसारख्या (ता. लोणार) गावात बैलांची शिंगे रंगतात. सणाची वर्णने पुष्कळ आहेत. ज्या डब्यातून तो रंग येतो, त्या डब्याचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही. ऑइलपेंट न सांडता ओतायचा कसा आणि उरला तर टिकवायचा कसा, या किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नात रसायन आहे, व्यापार आहे आणि गोठ्यातल्या जनावराचा जीवही आहे. त्याविषयीचा हा धागा.

२/
आदल्या दिवशी खांदेमळणी होते. शिंगे साळून गुळगुळीत केली जातात. डब्यातला तयार रंग गावात येण्यापूर्वी शिंगांना हिंगूळ आणि अंगावर गेरूचे ठिपके देत. वर बेगड चढे. हे रंग भुकटीच्या रूपात मिळत. लागेल तेवढीच भुकटी तेलात किंवा पाण्यात कालवायची आणि त्याच दिवशी संपवायची. उरलेली पुडी फळीवर वर्षानुवर्षे पडून राहिली तरी बिघडत नसे. म्हणजे ‘रंग साठवणे’ ही अडचणच नव्हती.

३/
युरोपातही दीर्घकाळ हीच रीत होती. रंगारी भुकटी आणि तेल वेगळे ठेवी व कामाच्या वेळी दोन्ही खली. कारण तेलाच्या स्वभावात होते. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. म्हणून कालवलेला रंग हवेपासून लपवावा लागे. चित्रकार तो डुकराच्या मूत्राशयाच्या लहान पिशव्यांत बांधून ठेवत. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबता येणाऱ्या धातूच्या नळीचे पेटंट घेतले, तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली.

४/
या कथेत वऱ्हाडही आहे. एकोणिसाव्या शतकात मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील जवस मुंबई बंदरातून युरोपात जात असे. तेथे त्याच्या तेलापासून रंग, वार्निश आणि लिनोलियम बनत. काळ्या मातीतले बी परदेशी गेले आणि पुढे तयार रंगाच्या रूपाने पत्र्याच्या डब्यातून परत आले.

५/
तो डबा हा स्वतंत्र शोध होता. भिंतीचा किंवा दाराचा रंग चिमूटभर नळीत मावत नाही. त्याला मोठे, पण पुन्हा बंद होणारे भांडे हवे होते. अमेरिकेतील शेरविन-विल्यम्स कंपनीने १८७७ मध्ये पुन्हा बंद करता येणाऱ्या डब्याचे पेटंट घेतले. घरी रंग न खलता थेट डबा उघडून काम सुरू करणे आता शक्य झाले.

६/
आजचा दाबझाकणाचा डबा नीट पाहावा. तोंडाभोवती गोल खाच असते. झाकणाची कड त्या खाचेत घट्ट बसते आणि पत्र्यावर पत्रा दाबला गेल्याने हवा अडते. सारा भरवसा त्या अरुंद खाचेवर. पण डबा वाकवून रंग ओतला की पहिल्यांदा भरते ती हीच खाच. झाकण ठोकले की तो रंग बाजूंना उडतो. उरलेला खाचेतच वाळतो, आणि पुढच्या वेळी झाकण पूर्ण बसत नाही. डब्याचे कुलूप आणि त्याचे दुखणे एकाच जागी आहे.

७/
झाकण सैल राहिले की रंगावर साय धरते. विसाव्या शतकात जवसाच्या तेलाची जागा बहुतांशी अल्किड रेझिनने घेतली आणि त्यात टर्पेंटाइनसारखे द्रावक आले. वाळण्याची मूळ रीत मात्र तीच राहिली. आधी द्रावक उडते, मग प्राणवायू शोषला जातो.
हिशेब सोपा आहे. १ लिटरच्या डब्यात १०० मिली रंग उरला, तर वर सुमारे ९०० मिली हवा राहते. त्यात जवळपास १९० मिली प्राणवायू असतो. तोच रंग १०० मिलीच्या डब्यात काठोकाठ भरला, तर साय धरायला प्राणवायू जवळजवळ उरतच नाही.

८/
आता मुंबई. भारतात मोठ्या प्रमाणावर रंग बनवणारा शालिमारचा कारखाना १९०२ मध्ये हावड्याला उभा राहिला. पुढची काही दशके या धंद्यावर विदेशी कंपन्यांचा वरचष्मा होता, आणि त्यांची विक्री शहरांतील मोठ्या व्यापाऱ्यांमार्फत चाले. १९४२ मध्ये, महायुद्धामुळे आयात आटली असताना, चंपकलाल चोक्सी, चिमणलाल चोक्सी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील या चार मित्रांनी गिरगावातील गायवाडीत एका गॅरेजमध्ये रंग बनवायला सुरुवात केली. तीच पुढे एशियन पेंट्स झाली.

९/
शहरातील मोठे व्यापारी नव्या कंपनीला दारात उभे करत नव्हते. म्हणून तिने लहान गावांकडे मोर्चा वळवला. या कंपनीच्या वाटचालीत एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: महाराष्ट्रात पोळ्याच्या सुमारास शेतकरी शिंगे रंगवण्यासाठी थोडाथोडा रंग मागतात, हे विक्रेत्यांच्या ध्यानात आले आणि कंपनीने लहान डबे बाजारात आणले.

१०/
या गोष्टीकडे बहुधा विक्रीकौशल्याचा नमुना म्हणून पाहिले जाते. पण तिचे मर्म रसायनात आहे. बैलजोडीची शिंगे चार. त्यांना रंग लागतो वाटीभरही नाही, आणि तोही वर्षातून एकदाच. मोठा डबा घेतला तर उरलेला रंग पुढच्या पोळ्यापर्यंत टिकवायचा कसा? एकदा उघडलेला ऑइलपेंट वर्षभर वाट पाहत नाही. शेतकरी कंजूष नव्हता. त्याची गरज आणि मोठ्या डब्याचे माप यांचा मेळच बसत नव्हता. लहान डब्याने साठवणुकीचा प्रश्न सोडवला नाही, तो उद्भवूच दिला नाही. पुडीतल्या भुकटीचे जुने शहाणपण नव्या पत्र्यात परतले, एवढेच.

११/
१९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी या कंपनीसाठी ‘गट्टू’ रेखाटला. कपाळावर केसांची बट, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात रंगाचा डबा, असा हा खोडकर मुलगा. रंगकाम म्हणजे थोडीफार सांडलवंड, हे भारतीय घरांनी या चित्रातून हसत स्वीकारले. १९६७ पर्यंत ही कंपनी देशातील सर्वांत मोठी रंगकंपनी झाली होती.

१२/
मोठ्या डब्यावर रोज काम करणाऱ्या रंगाऱ्यांनी मात्र खाचेवर स्वतःचे उपाय शोधले, आणि ते आजही लागू पडतात.
• झाकण एकाच जागी जोर लावून उचकटायचे नाही. पेचकस कडेने फिरवत थोडेथोडे उचलायचे, म्हणजे कड वाकत नाही.
• रंग चपट्या काठीने तळापासून ढवळायचा.
• खाचेच्या तळाला खिळ्याने पाच-सहा भोके पाडायची. साचलेला रंग त्यातून परत डब्यात गळतो. झाकण खाचेच्या बाजूंवर दाबले जाऊन बसते, त्यामुळे हवाबंदपणाला बाध येत नाही.
• मूळ डब्यात ब्रश बुडवायचा नाही. लागेल तेवढा रंग दुसऱ्या भांड्यात काढायचा. शेवटची धार ब्रशने पुसून घ्यायची.

१३/
साठवताना:
• खाच चिंधीने स्वच्छ पुसायची. मग झाकणावर लाकडी ठोकळा ठेवून कडेकडेने ठोकायचे. थेट हातोडी मारली तर झाकण चेपते.
• उरलेला रंग, तो भरेल अशा लहान डब्यात काढायचा.
• रंगावर चमचाभर थिनर अलगद सोडायचे, ढवळायचे नाही.
• साय धरलीच तर ती कडेने कापून अखंड उचलायची. मोडून ढवळली तर तिचे कण साऱ्या रंगात पसरतात आणि मग तो कापडातून गाळावा लागतो.

१४/
सांडलवंड ही केवळ अस्वच्छता नसते. टर्पेंटाइनसारख्या द्रावकाची वाफ साधारण ३५ ते ४० अंश सेल्सियसला ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि विदर्भातला उन्हाळा याहून तापतो. पत्र्याच्या छपराखाली चुलीजवळ ठेवलेला डबा म्हणूनच धोक्याचा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा तर ठिणगीवाचूनही पेटतो, कारण तेल प्राणवायू शोषताना उष्णता सोडते आणि बोळ्यात ती कोंडते. चिंध्या पसरून वाळवाव्यात. थिनर पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरू नये. तहानलेल्या मुलाला दोन्हींत फरक दिसत नाही.

१५/
शेवटचा प्रश्न शिशाचा. पिवळ्या आणि नारिंगी झगझगीत ऑइलपेंटमध्ये लेड क्रोमेट असे, आणि लवकर वाळावे म्हणूनही शिशाची संयुगे घातली जात. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचे डबे जुन्या घरांच्या माळ्यांवर अजून असू शकतात. टाकून दिलेले रंगाचे डबे चाटणे हे गुरांना शिशाची विषबाधा होण्याचे जगभर नोंदले गेलेले कारण आहे. ज्या बैलासाठी डबा आणला, त्याच बैलाच्या तोंडी तो उकिरड्यावर लागू शकतो.

१६/
आज बैलजोड्या कमी झाल्या आणि ट्रॅक्टर वाढले, पण पोळा आला की दुकानांत लहान डबे पुढे मांडले जातात. या डब्याच्या इतिहासातून दोन गोष्टी हाती लागतात. नवे तंत्र गावात टिकते ते गावाच्या मापात बसल्यावरच. आणि वस्तूची कहाणी ती विकली गेल्यावर संपत नाही. रंग संपला की डबा गोठ्यापासून, पाणवठ्यापासून आणि मुलांच्या हातापासून दूर ठेवणे, हाही पोळ्याचाच भाग मानायला हवा.