मिलिंद : एका नावाचा प्रवास

आम्हा कोळवणकरांना ‘मिलिंदा, ये रे!’ ही हाक नवी नाही. पण हे नाव आलं कुठून?

मूळ नाव ग्रीक, मेनान्द्रोस. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात या नावाचा यवन राजा वायव्य भारतात होऊन गेला. त्याच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपी आहे. पालीत त्याचेच ‘मिलिंद’ झाले. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा, म्हणून पुष्कळजण तोच अर्थ सांगतात. आपला मिलिंद मात्र प्रश्न विचारणारा राजा!

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात तो भदंत नागसेनांना आधी नावच विचारतो. भदंत म्हणतात, नागसेन हे नुसते संबोधन. चाके, आस, जू यांपैकी एकटे काहीच रथ नव्हे. सगळे जुळले की आपण ‘रथ’ म्हणतो. तसेच माणसाचे.

पूज्य बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय काढले. त्याला मिलिंद हे नाव मिळाले, परिसराला नागसेनवन. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर, जिथं दगडू, धोंडू, कचरू अशी नावं ठेवत, त्या घरांतून मिलिंद, राहुल, सुजाता अशा हाका येऊ लागल्या. आमच्या माणसांनी स्वाभिमानाने निवडलेली ही नावे.

तरी नुसत्या नावाने काय होणार? घरातल्या मिलिंदाने प्रश्न विचारला, तर त्याला ‘गप बस’ म्हणू नका. नाव आपणच ठेवलंय ना!