जैविक हल्ला : पहिला पहारा स्थानिक डॉक्टरांचा

विशेष प्रतिनिधी

बॉम्बस्फोट झाला की तो क्षणात कळतो. जैविक हल्ल्याचे तसे नसते. जिवाणू, विषाणू किंवा त्यांच्यापासून मिळवलेली विषे हेतुपुरस्सर पसरवून माणसे, जनावरे वा पिके यांना अपाय करणे म्हणजे जैविक दहशतवाद होय. त्याची लक्षणे काही तासांनी, कधी काही आठवड्यांनी आणि नेहमीच्या साथीसारखीच दिसतात. साहजिकच, त्याचा सुगावा पोलिसांच्या आधी स्थानिक डॉक्टरांना लागण्याची शक्यता अधिक असते.

ओरेगॉनचा धडा

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातील द डॅल्स या छोट्या शहरात सप्टेंबर-ऑक्टोबर १९८४ मध्ये ७५१ जणांना साल्मोनेलाची बाधा झाली. प्राथमिक तपासात हॉटेल कर्मचाऱ्यांच्या अस्वच्छतेवर ठपका ठेवण्यात आला. प्रत्यक्षात, रजनीश यांच्या काही अनुयायांनी १० हॉटेलांतील सॅलडमध्ये जिवाणू मिसळले होते. स्थानिक निवडणुकीत विरोधी मतदारांना मतदानापासून रोखणे हा त्यामागील हेतू होता. हा पंथ १९८१ मध्ये पुण्यातून तेथे गेला होता. १९८५ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत सापडलेला जिवाणू रुग्णांमधील जिवाणूशी जुळला. सुदैवाने कोणीही दगावले नाही. परंतु सत्य उजेडात येण्यास एक वर्ष लागले.

फ्लोरिडातील दक्षता

ऑक्टोबर २००१ मध्ये फ्लोरिडात याउलट घडले. एका अत्यवस्थ रुग्णाच्या मणक्यातील द्रवाच्या तपासणीवरून डॉक्टरांना अँथ्रॅक्सची (काळपुळी) शंका आली. पूर्वप्रशिक्षित राज्य प्रयोगशाळेमुळे दोन-तीन दिवसांतच निदान झाले. तो रुग्ण वाचू शकला नाही; मात्र यंत्रणा सावध झाली. टपालातून पसरवलेल्या या अँथ्रॅक्सने एकूण २२ जणांना बाधा झाली व पाच जणांचा मृत्यू झाला. संपर्काची शक्यता असलेल्या सुमारे १० हजार जणांना प्रतिजैविके घेण्याचा सल्ला देण्यात आला.

आपल्याकडील व्यवस्था

भारतात २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. आरोग्यसेवक लक्षणांची, डॉक्टर संशयित रुग्णांची आणि प्रयोगशाळा निश्चित निदानाची माहिती कळवतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००८ मध्ये जैविक आपत्तीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. अतिघातक विषाणूंच्या तपासणीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत सर्वोच्च जैवसुरक्षा दर्जाची प्रयोगशाळा आहे.

तथापि, नमुना तेथवर पोहोचण्यासाठी आधी कोणाला तरी शंका यावी लागते. एकाच भागातून एकाच लक्षणांचे अनेक रुग्ण आल्यास खासगी डॉक्टरांनी ते पालिकेच्या आरोग्य विभागास तातडीने कळवणे, म्हणूनच, अत्यावश्यक ठरते. साथ नैसर्गिक की घातपाती, हे नंतर ठरवता येते. वाया गेलेला दिवस मात्र परत मिळत नाही.

नागरिकांनी काय करावे?

- संशयास्पद पाकीट उघडू, हलवू वा हुंगू नये.
- खोलीतून बाहेर पडून दार बंद करावे व हात साबणाने धुवावेत.
- पोलिसांना त्वरित कळवावे.
- डॉक्टरांच्या सल्ल्याविना प्रतिजैविके घेऊ नयेत.