काँक्रीट भरलेला लोखंडी कॉलम भूकंपात तगेल, पण बीमच्या जोडाचं काय?

पुणे-अहिल्यानगर रस्त्याने शिक्रापूरला उतरून तळेगाव ढमढेरेकडे वळलं की शेताच्या कडेने लोखंडी सांगाड्याच्या शेड दिसू लागतात. पुढे रांजणगाव एमआयडीसीत तर त्यांचीच वस्ती. अशा बांधकामात बहुमजली इमारतीसाठी एक पर्याय असतो, चौकोनी किंवा गोल पोकळ पाईप उभा करून त्यात काँक्रीट भरायचं. जपान आणि चीनमध्ये ही पद्धत रुळलेली आहे.

फायदा सरळ आहे. पाईप काँक्रीटला फुटू देत नाही आणि काँक्रीट पाईपला आत दबू देत नाही. शिवाय वेगळं सेंटरिंग लागत नाही.

अडचण येते ती बीम जोडताना. भूकंपात इमारत डावी-उजवीकडे हलते, तेव्हा बीमची वरची आणि खालची पट्टी आळीपाळीने कॉलमला ढकलते आणि ओढते. ढकललं तर आतलं काँक्रीट आधार देतं. ओढलं तर मात्र पाईपचा पत्रा एकटा पडतो आणि बाहेर फुगतो, किंवा वेल्डिंग तडकतं. बोल्ट मारावेत म्हटलं, तर बंद पाईपच्या आत नट धरायला हात घालणार कुठून? त्यासाठी एकाच बाजूने आवळता येणारे खास बोल्ट मिळतात. दुसरा उपाय म्हणजे बीमच्या पट्टीच्या पातळीवर पाईपच्या आत किंवा बाहेरून जाड प्लेट बसवणं. आतल्या प्लेटला काँक्रीट उतरायला मधे भोक आणि हवा निघायला कोपऱ्यात छिद्रं ठेवावीच लागतात. नाहीतर प्लेटखाली पोकळी राहते आणि ती बाहेरून दिसत नाही.

वेल्डिंगवर किती भरवसा ठेवावा, हे 17 जानेवारी 1994 रोजी अमेरिकेतल्या नॉर्थरिजने दाखवलं. तिथे कॉलम काँक्रीट भरलेले नव्हते, साधे लोखंडी होते. इमारती उभ्या राहिल्या, पण शंभरहून अधिक इमारतींमध्ये बीमच्या जोडांना तडे सापडले, तेही आवरणाखाली लपलेले. बरोबर एका वर्षाने जपानमधल्या कोबेतही जोड तुटले. त्यानंतर कॉलमजवळ बीमची पट्टी मुद्दाम थोडी कापून अरुंद करण्याची पद्धत आली. ऐकायला उलटं वाटतं, पण हेतू असा की वाकायचं तर बीमने वाकावं, जोड शाबूत राहावा. अमेरिकी नियमांत सर्वांत लवचिक प्रकारच्या सांगाड्याचा जोड 4 टक्के झुकाव सोसेल, ही अट आहे. म्हणजे 3 मीटरच्या मजल्यामागे 12 सेंटिमीटर.

शिरूर तालुक्यात एवढी काळजी कशाला? आयएस 1893 (2016) नुसार पुणे झोन 3 मध्ये येतं. आणि 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी हादरलं, तेव्हा तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. तिथे पडली ती दगडमातीची घरं, लोखंडी इमारती नव्हेत. पण नकाशावर किती विसंबायचं, हा धडा दोघांनाही सारखाच. त्यामुळे अशी इमारत बांधून घेणाऱ्याने फॅब्रिकेटरला कॉलमची जाडी विचारून थांबू नये. जोडाचं ड्रॉइंग मागावं, वेल्डिंगची अल्ट्रासोनिक तपासणी झाली का ते विचारावं आणि काँक्रीट भरताना साईटवर कोण उभं होतं, तेही.