ढालीवरील बंदी : १९७२ च्या क्षेपणास्त्रविरोधी करारापासूनचा बोध

शीतयुद्धाचा इतिहास शिकविताना वर्गात एक प्रश्न हमखास निघतो. शत्रूने तलवार वाढवू नये, अशी अपेक्षा समजण्यासारखी आहे. पण दोन शत्रूंनी मिळून 'आपण ढाल बाळगायची नाही' असे का ठरवावे? २६ मे १९७२ रोजी मॉस्को येथे अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन आणि सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस लिओनिद ब्रेझनेव्ह यांनी जवळजवळ असाच करार केला. क्रमिक पुस्तकांतून त्याला एखाद-दुसरे वाक्य मिळते. त्यामागील विचार मात्र अणुयुगाचे सारे कोडे उलगडणारा आहे.

हा विचार समजण्यासाठी प्रथम दहशतीचा समतोल म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. साठच्या दशकात दोन्ही महासत्तांची क्षेपणास्त्रे सुमारे अर्ध्या तासात एकमेकींच्या भूमीवर पोहोचू शकत होती. पहिला वार झाल्यावरही उरलेल्या शस्त्रांनी शत्रूचा विनाश करता येईल, ही खात्री दोघांनाही होती. म्हणून कोणीच पहिला वार करण्यास धजत नव्हते. आता यांपैकी एकाने ढाल उभारली असे समजा. त्याने पहिल्या वारात शत्रूची बहुतेक शस्त्रे नष्ट केली, तर उरलेल्या थोड्या क्षेपणास्त्रांना ती ढाल अडवू शकेल. म्हणजे स्वतःला बचावात्मक वाटणारी ढाल समोरच्याला हल्ल्याची तयारी वाटते. तो गप्प बसत नाही. ढाल भेदण्यासाठी अधिक शस्त्रे बनवितो.

जून १९६७ मध्ये न्यू जर्सी राज्यातील ग्लासबरो येथे अध्यक्ष लिंडन जॉन्सन आणि सोव्हिएत पंतप्रधान अलेक्सेई कोसिगिन यांची भेट झाली. अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा यांनी हाच मुद्दा तेथे मांडला. कोसिगिन यांना तो पटला नाही. संरक्षण नैतिक आणि आक्रमण अनैतिक, अशी त्यांची भूमिका होती. त्या वेळी मॉस्कोभोवती क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा उभी राहत होती. परंतु मॅकनामारा यांनाही आपलाच युक्तिवाद पाळता आला नाही. देशांतर्गत राजकीय दबावाखाली त्यांनी १८ सप्टेंबर १९६७ रोजी 'सेंटिनेल' ही मर्यादित यंत्रणा जाहीर केली. कारण दिले गेले ते चीनचे; चीनने त्याच वर्षी जूनमध्ये हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली होती.

पुढील दोन वर्षांत या यंत्रणेविरुद्ध दोन बाजूंनी आवाज उठला. हान्स बेथ आणि रिचर्ड गार्विन या शास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की, फसव्या प्रतिकृती सोडून अशा यंत्रणेस गोंधळात टाकणे फारसे कठीण नाही. दुसरीकडे बोस्टन, शिकागो, सिएटल येथील नागरिक संतापले. कारण तेव्हाच्या विरोधी क्षेपणास्त्रांवरही अणुबॉम्बच बसविलेला असे आणि तो आपल्या वस्तीशेजारी कोणालाच नको होता. निक्सन यांनी १९६९ मध्ये योजनेचे नाव 'सेफगार्ड' ठेवले आणि शहरांऐवजी क्षेपणास्त्रतळांच्या रक्षणावर भर दिला. सिनेटमध्ये मते ५०-५० अशी पडली. उपाध्यक्षांच्या मताने योजना तगली. दरम्यान, १९७० मध्ये तीन स्वतंत्र स्फोटकाग्रे वाहणारे 'मिनिटमन-३' अमेरिकेने तैनात केले. एका क्षेपणास्त्रावर अनेक स्फोटकाग्रे, हे ढालीवरील सर्वांत स्वस्त उत्तर होते.

अशा पार्श्वभूमीवर १९७२ चा करार झाला. प्रत्येक देशाला दोन ठिकाणी, प्रत्येकी १०० विरोधी क्षेपणास्त्रे ठेवण्याची मुभा मिळाली. १९७४ मध्ये ती एकाच ठिकाणापुरती राहिली. सोव्हिएत संघाने मॉस्को निवडले. अमेरिकेने नॉर्थ डकोटातील तळ निवडला आणि १९७६ मध्ये तो बंदही केला.

ढालीचे आकर्षण मात्र संपले नाही. २३ मार्च १९८३ रोजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी अण्वस्त्रे निष्प्रभ करणाऱ्या संरक्षणाचे स्वप्न मांडले. ऑक्टोबर १९८६ मध्ये रेक्याविक येथे ते आणि मिखाइल गोर्बाचेव्ह अण्वस्त्रे पूर्णपणे नष्ट करण्याच्या विचारापर्यंत पोहोचले होते. याच योजनेवरील मर्यादांच्या प्रश्नावर बोलणी फिसकटली. पुढे उत्तर कोरियासारख्या देशांच्या धोक्याचे कारण देऊन अमेरिका १३ जून २००२ रोजी करारातून बाहेर पडली. दुसऱ्याच दिवशी रशियाने 'स्टार्ट-२' करार आपल्यावर बंधनकारक नसल्याचे जाहीर केले. जमिनीवरील क्षेपणास्त्रांवर अनेक स्फोटकाग्रे नसावीत, ही त्या कराराची मुख्य अट होती. १ मार्च २०१८ रोजी व्लादिमीर पुतिन यांनी नवी अस्त्रे जाहीर केली, तेव्हा २००२ च्या त्या निर्णयाचाच दाखला दिला.

येथे अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. करार असतानाही सत्तरच्या दशकात स्फोटकाग्रे वाढतच गेली. म्हणजे केवळ ढालीवरील बंदीने शस्त्रस्पर्धा थांबत नाही. रशियाच्या नव्या अस्त्रांमागे प्रतिष्ठेची आणि लष्करी उद्योगाची कारणेही असू शकतात. तथापि, करारामुळे एक मोठे निमित्त दूर झाले होते. ते २००२ नंतर पुन्हा हाती आले.

हा इतिहास आपल्यापासून दूरचा नाही. भारताने नोव्हेंबर २००६ मध्ये क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेची पहिली चाचणी घेतली. जानेवारी २०१७ मध्ये पाकिस्तानने अनेक स्फोटकाग्रे वाहू शकणाऱ्या 'अबाबील'ची चाचणी घेतली, आणि तिचा संबंध या प्रदेशात वाढणाऱ्या क्षेपणास्त्रविरोधी संरक्षणाशी जोडला. मार्च २०२४ मध्ये भारताने 'अग्नि-५'ची तशीच चाचणी केली. भारतापुढे चीनचाही विचार असतो. तरीही ढाल आणि बहुमुखी बाण यांची जोडी येथेही दिसते, हे विसरता येणार नाही.

कोसिगिन यांची ग्लासबरो येथील भूमिका आजही वर्गातील बहुतेकांना पटेल, कारण ढाल निरुपद्रवी असते हे आपण गृहीत धरतो. तिच्याकडे समोरच्याच्या नजरेने पाहण्यास शिकविणे, हे इतिहासाच्या शिक्षकाचे काम आहे. १९७२ मध्ये दोन शत्रूंना ते काही काळ साधले होते.