भाड्याच्या घरात फर्निचर टाकलं, तर टॅक्समध्ये सूट मिळते का?

फ्लॅट भाड्याने देताना बेड, सोफा, कपाट घेतलं की घरमालक सीएला हमखास विचारतात, 'याचं बिल टॅक्समध्ये दाखवता येईल का?' बहुतेकांसाठी उत्तर 'नाही' असंच आहे.

भारतात घरभाड्यातून आधी मालकाने भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेच्या सरसकट 30 टक्के वजावट मिळते. (गृहकर्जाच्या व्याजाचा हिशोब वेगळा.) एक रुपया खर्च न करताही हे 30 टक्के मिळतात. म्हणूनच रंगकाम, दुरुस्ती किंवा फर्निचरची बिलं वर आणखी लावता येत नाहीत.

यावर तोडगा म्हणून काही जण घराचा आणि फर्निचरचा वेगळा करार करतात. फर्निचरचं भाडं मग 'इतर स्रोतांतून उत्पन्न' ठरतं. तिथे 30 टक्के नाहीत, पण फर्निचरवर 10 टक्के घसारा आणि दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च वजा होतो.

फायद्याचं वाटतं ना? आता आकडे बघा. फर्निचर 2 लाखांचं, भाडं महिन्याला 8,000, म्हणजे वर्षाला 96,000 रुपये. पहिल्या वर्षीचा घसारा जास्तीत जास्त 20,000. हेच 96,000 घरभाड्यात धरले असते, तर 28,800 रुपये वजा झाले असते! शिवाय घसारा उरलेल्या किमतीवर मोजतात, त्यामुळे दुसऱ्या वर्षी तो 18,000 वर येतो.

आणि घर-फर्निचर एकमेकांपासून वेगळं देताच येणार नाही, असा व्यवहार असेल तर अख्खं भाडंच 'इतर स्रोतां'त जाऊ शकतं. मग घरावरचे 30 टक्केही जातात आणि प्रत्यक्ष खर्चाची बिलं जपून ठेवावी लागतात.