फ्लशिंगची फ्रॅन आणि तिची परदेशी भावंडे

श्रीमंत विधुराच्या घरी मुले सांभाळायला आलेल्या तरुणीची कथा सांगणारी ‘द नॅनी’ ही अमेरिकी सिटकॉम, म्हणजे ठरावीक पात्रे, ठरावीक घर आणि दर भागात नवा घोळ अशा घडणीची विनोदी मालिका, सीबीएस वाहिनीवर नोव्हेंबर १९९३ मध्ये सुरू झाली आणि सहा पर्वांत १४६ भाग पूर्ण करून १९९९ मध्ये संपली. फ्रॅन ड्रेशर ही तिची नायिका होती, आणि तेव्हाचे तिचे पती पीटर मार्क जेकबसन यांच्यासह मालिकेची जनकही तीच होती. नायिका फ्रॅन फाइन हिची वधूवेशांच्या दुकानातली नोकरी आणि प्रियकर दोन्ही एकदमच जातात, ती दारोदार सौंदर्यप्रसाधने विकू लागते, आणि मॅक्सवेल शेफील्ड या ब्रॉडवेवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या, इंग्रज निर्मात्याच्या दारी येऊन त्याच्या तीन मुलांची दाई बनते.

वरवर पाहता हा गरीब मुलगी आणि श्रीमंत मालक यांचा जुनाच साचा आहे; त्यात जीव आला तो मात्र फ्लशिंगमुळे. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स या विभागातली ही वस्ती ड्रेशरच्या स्वतःच्या बालपणाची, आणि तिथला अनुनासिक, ठसकेबाज उच्चार, तोकडे झगझगीत कपडे, प्लॅस्टिकच्या आवरणात जपलेला आईचा सोफा, सतत काहीतरी खाणारी आई सिल्विया आणि सिगारेट ओढणारी आजी येटा हे सारे मॅनहॅटनच्या त्या शिष्ट वाड्याशेजारी ठेवले, की वर्गभेद कुणी बोलून दाखवण्याची गरजच उरत नाही. प्रायोजकांना नायिका इटालियन वंशाची हवी होती, परंतु आपण ती ज्यूच ठेवण्याचा आग्रह धरला, असे ड्रेशरने पुढे सांगितले आहे. मालिकेच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच म्हणावा लागेल.

या आग्रहामागे मोठा इतिहास होता. अमेरिकी दूरचित्रवाणीवर १९४९ साली ‘द गोल्डबर्ग्ज’ या मालिकेत ज्यू कुटुंब उघडपणे आले होते. परंतु १९७२ मध्ये ज्यू तरुण आणि कॅथलिक तरुणी यांच्या संसारावरची ‘ब्रिजेट लव्ह्ज बर्नी’ ही मालिका, प्रेक्षकसंख्या चांगली असूनही, धार्मिक संघटनांच्या निषेधाच्या गदारोळात एका पर्वातच बंद पडली. १९९८ मध्ये, पाचव्या पर्वाच्या अखेरीस, फ्रॅन आणि ख्रिस्ती शेफील्ड यांचा विवाह झाला, तेव्हा पंचवीस वर्षांत प्रेक्षकवर्ग किती बदलला होता हे दिसून आले. खरेदीचे वेड असलेली, नवरा शोधणारी, मोठ्याने बोलणारी ज्यू स्त्री हा साचा मालिकेने घट्ट केला, ही काही ज्यू समीक्षकांची तक्रार रास्त आहे. पण आपली बोली, आपले घर आणि आपली माणसे यांची फ्रॅनला कधीच लाज वाटत नाही, हेही तितकेच खरे आहे.

पुढे तुर्कस्तान, अर्जेंटिना, पोलंड, मेक्सिको अशा अनेक देशांत मालिकेच्या स्थानिक आवृत्त्या निघाल्या, आणि प्रत्येक ठिकाणी कर्त्यांपुढे प्रश्न एकच होता, तो म्हणजे आपले फ्लशिंग कोणते? अर्जेंटिनात नायिका फ्लोर फिंकेल ज्यूच राहिली. रशियात मात्र २००४ मध्ये एसटीएस वाहिनीवर सुरू झालेल्या आवृत्तीत अनास्तासिया झावोरोत्न्यूक हिने रंगवलेली विका ही युक्रेनमधल्या मारिउपोल या औद्योगिक बंदरातून मॉस्कोत आलेली मुलगी झाली, म्हणजे धर्माच्या जागी राजधानी आणि दूरचे प्रांतिक शहर यांच्यातले अंतर आले, आणि दक्षिणेकडचा उच्चार हाच तिच्या विनोदाचा कणा ठरला. ही आवृत्ती इतकी गाजली, की मूळ अमेरिकी संहिता संपल्यावर मूळ मालिकेच्याच काही लेखकांकडून रशियासाठी नव्या संहिता लिहून घेण्यात आल्या.